एकतीस नंबरचं चाक

माझा साडू चांगला माणूस आहे. हे एवढंसं वाक्य लिहायला मला एकोणीस वर्षं लागली, आणि अजूनही ते लिहिताना दात आवळले जातात.

तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अणुवीज केंद्रात आम्ही दोघं एकाच खात्यात, पंपघरात. तिथे त्याला सगळे निवांतराव म्हणतात. जिना चढताना तो कठडा धरतो, चहा गार झाल्यावर पितो, आणि कुणी घाई केली की "होतंय की" म्हणून हातातलं काम आणखी हळू करतो. त्याच्या नोकरीचा अर्ज मीच आणून दिला होता. म्हणजे धोंडा मीच शोधला, उचलला आणि नीट नेम धरून स्वतःच्या पायावर पाडून घेतला.

सासूबाईंच्या मोरीतला नळ गळायचा. मी दहा मिनिटांत बसवून दिला आणि हात धुऊन जेवायला बसलो. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गळायला लागला. मग निवांतराव गेला. सकाळी नळ खोलला तो दुपारी बसवला, मधल्या वेळात सासूबाईंनी त्याला दोनदा खायला दिलं. त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली. तो नळ अजून गळत नाही, आणि आम्ही त्यांच्याकडे गेलो की सासूबाई मला पाणी त्याच नळाचं देतात. आमची ही तर साधं भांडं पुसतानाही म्हणते, "धाकटीचा नवरा असता तर." वाक्य ती कधीच पुरं करत नाही. गरजच नसते.

माझ्या पोटात दुखायचं. दुसरा शब्द नाही. त्याचा मुलगा पास झाला की दुखायचं, त्याने घराला रंग दिला की दुखायचं, आणि त्याला साधी सर्दी झाली तरी सगळे चौकशीला जातात म्हणून दुखायचं.

एका ठिकाणी मात्र मी त्याच्या पुढे होतो, ते म्हणजे पंपघर. अणुभट्टीला काही झालं तर तिला थंड ठेवायला जे पाणी लागतं, ते आमच्या पंपांतून जातं. त्या वाटेवर बेचाळीस व्हॉल्व्ह आहेत. कुठला उघडा, कुठला बंद, हे ठरलेलं. दर महिन्याला प्रत्येक व्हॉल्व्हचं चाक हाताने धरून, किंचित फिरवून खात्री करायची आणि तक्त्यावर सही करायची. हे दोन माणसांनी करायचं, पण बरोबर नाही. पहिला जाऊन आला की दुसऱ्याने एकट्याने जायचं, पहिल्याचा तक्ता न बघता. एकाची चूक दुसऱ्याला सापडावी म्हणून हा नियम. पहिला मी, दुसरा निवांतराव. अकरा वर्षं ही जोडी होती.

मला पन्नास मिनिटं लागायची. त्याला अडीच तास. मी हात पुसत कॅन्टीनमध्ये बसलेलो असायचो आणि तो तिकडे प्रत्येक चाकापुढे उभा राहून नंबर मोठ्याने वाचत असायचा. लोक हसायचे. त्या हसण्यावर मी महिनाभर जगायचो.

त्या वर्षी प्रशिक्षण विभागात प्रमुखाची जागा निघाली. नव्या माणसांना काम शिकवायचं, स्वतंत्र खोली, पगारवाढ. नावं दोनच होती, माझं आणि त्याचं. आमच्या साहेबांनी सांगितलं की नियामक मंडळाची तपासणी होऊन जाऊ दे, मग ठरवू. त्याला ती जागा मिळाली तर मी त्याला 'सर' म्हणणार, आणि ही ते ऐकणार. हा विचार आला की माझ्या हातातला घास हातातच राहायचा.

तपासणीला तिघं आले. त्यांच्या प्रमुख एक बाई होत्या. बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पायात स्वतःचे सुरक्षा बूट. मंडळाची एक पद्धत आहे. कामगारांना एकेकट्याला बोलावतात, दार लावतात आणि विचारतात की काही सांगायचंय का. बोललेलं बाहेर जात नाही.

मी रात्रभर पाठ करून गेलो होतो. कुणाचंही नाव न घेता म्हणालो की काही माणसं एका कामाला अडीच-अडीच तास लावतात, खरंच काही घडलं तर असा माणूस काय कामाचा, आणि नव्या पोरांना असाच माणूस शिकवायला बसला तर काय व्हायचं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की त्याच कामाला तुम्हाला किती वेळ लागतो.

"पन्नास मिनिटं," मी म्हणालो.

"बेचाळीस व्हॉल्व्हना?"

"हो. गेली अकरा वर्षं."

त्यांनी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. मला वाटलं, कौतुकाची रेघ आहे. बाहेर आलो तेव्हा मी शीळ घालत होतो.

आता एकतीस नंबरबद्दल सांगायला हवं. तो व्हॉल्व्ह जाड पाइपच्या मागे, छताला लागून आहे. हात पोचत नाही, शिडी लागते. शिडी बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाळीच्या खोलीत कुलूपबंद. भांडारवाल्याकडून किल्ली घ्यायची, रजिस्टरमध्ये नाव-वेळ लिहायची, शिडी वाहून आणायची, चढायचं, उतरायचं, परत नेऊन ठेवायची. अर्धा तास तिथेच जातो. मी खालून टॉर्च मारायचो. चाकामधला दांडा वर आलेला दिसला की व्हॉल्व्ह उघडा. हाताने धरायचं असतं, मला ठाऊक होतं. पण मागून निवांतराव येणारच होता.

ही शेवटची ओळ मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जाळीच्या खोलीत खुर्ची टाकून शिडीचं रजिस्टर वाचत बसल्याची बातमी आली. तासाभराने साहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर आमचे तक्ते आणि ते रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलेलं होतं.

बाई म्हणाल्या, गेल्या तीन वर्षांत एकतीस नंबरपुढे तुमच्या छत्तीस सह्या आहेत आणि दुसऱ्या माणसाच्या छत्तीस. म्हणजे त्या कामासाठी शिडी बहात्तर वेळा बाहेर जायला हवी. ती गेलीय छत्तीस वेळा. नाव प्रत्येक वेळी एकाच माणसाचं.

तेव्हाच खरं बोललो असतो तर निदान तेवढं तरी माझ्या नावावर लागलं असतं. पण मी म्हणालो, मी शिडी घेत नाही, पाइपवर पाय देऊन चढतो. साहेबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

"चला, बघू," बाई म्हणाल्या.

शिडी मागवली, आणि त्या स्वतः चढल्या. वर बराच वेळ होत्या. उतरल्या तेव्हा कॅमेऱ्यात फोटो होता, तो त्यांनी आमच्यापुढे धरला. चाकाची उजवी बाजू हात लागून लागून चकचकीत झालेली. डाव्या बाजूवर धुळीचा थर, राखाडी, अखंड. मधली सीमा कुणी पट्टी धरून आखावी तशी.

मग निवांतरावाला बोलावलं. तो आला, कठडा धरून चार पायऱ्या उतरला, हेल्मेट नीट केलं. त्याच्या संथपणाने तेव्हाही माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाईंनी विचारलं, "तुम्ही चाक एकाच बाजूने का धरता?"

"उजवी बाजू माझी," तो म्हणाला. "डावी पहिल्या माणसासाठी सोडलेली आहे."

"पहिला माणूस येत नव्हता, हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्याच वर्षी."

"मग कळवलं का नाही?"

त्याने शिडीचा तिरका पडलेला पाय सरळ केला. "ते माझे साडू आहेत," तो म्हणाला. "वाटायचं, एखाद्या महिन्यात चढतील. वर गेलो की दर वेळी आधी डावीकडेच बघायचो."

पंप तेवढे घुमत होते. मग बाई न चिडता बोलल्या. दोन माणसांची तपासणी अकरा वर्षं एकच माणूस करत होता, आणि ज्या दिवशी तो चुकला असता त्या दिवशी त्याची चूक सापडायला कुणीच नव्हतं. याचा दोष जितका पहिल्याचा तितकाच दुसऱ्याचाही, असं त्यांनी सांगितलं आणि अहवालात तसंच लिहिलं.

प्रशिक्षणाची जागा तिसऱ्याच खात्यातल्या माणसाला गेली. मला व्हॉल्व्हच्या कामावरून काढून सहा महिने पुन्हा शिकायला बसवलं, वीस-बावीस वर्षांच्या मुलांबरोबर पहिल्या बाकावर. निवांतरावाला लेखी ताकीद मिळाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या कागदावर पडलेला तो पहिला डाग. घरी ही चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते असं की बहिणीकडे जायला तिला तोंड राहिलं नाही.

पण हिला निम्मंच माहीत होतं. बाईंना ते रजिस्टर उघडायला कुणी लावलं, हे फक्त मला ठाऊक होतं. तीन आठवडे मी ते पोटात ठेवलं. त्याला मिळालेल्या ताकिदीने मला बरं वाटेल अशी माझी समजूत होती, पण ते बरं वाटणं काही येईना. शेवटी एका रविवारी त्याच्या घरी गेलो. तो मागच्या अंगणात खुर्चीचा पाय बसवत होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की तुझी चुगली करायला गेलो होतो, जागा तुला मिळू नये म्हणून, आणि त्यातूनच हे सगळं निघालं.

"मला माहीत आहे, भाऊजी," तो म्हणाला. "पन्नास मिनिटांचं कौतुक तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

मी वाट बघत राहिलो. शिव्या देईल, निदान हातोडी तरी आपटेल. त्याने पायाला गोंद लावला, जास्तीचा फडक्याने पुसला.

"बरं झालं," तो म्हणाला. "माझ्याच्याने सांगवत नव्हतं. तुम्ही सांगितलंत."

याला काय म्हणायचं? मी जळून जळून त्याचं वाटोळं करायला गेलो, तर त्याने त्याचंही श्रेय मलाच देऊन टाकलं. त्याने दोन शब्द सुनावले असते तर मी सुखाने झोपलो असतो. तेवढंही सुख त्याने मला मिळू दिलं नाही. वर चहा पाजला. मी तो गरम असतानाच पिऊन निघालो.

सहा महिन्यांनी मला परत पंपघरात घेतलं. पुन्हा पहिला मी, दुसरा तो. अहवालानंतर एकतीस नंबरचं चाक पुसून स्वच्छ केलं होतं, पण त्या कोपऱ्यात धूळ पुन्हा धरतेच. मी रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, शिडी वाहून आणली, चढलो. आठव्या पायरीवर दम लागला. चाकावर पातळ थर होता, वरच्या कडेला माझ्या बदली माणसाच्या आणि उजव्या बाजूला त्याच्या पुसट झालेल्या बोटांच्या खुणा. मी डावीकडे हात घातला, चाक किंचित फिरवलं, उतरलो. दोन तास वीस मिनिटं लागली.

माझ्यामागून तो गेला. परत आला, सही केली, घरी गेला. एक शब्द नाही. त्याने ती डावी बाजू पाहिली की नाही? पाहून त्याला काय वाटलं? मी दुसऱ्या दिवशी वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी पाहिली. जेवताना माझं लक्ष लागेना, हिच्यावर उगाच डाफरलो. नोटीस बोर्ड वाचायचं निमित्त करून रोज त्याच्या टेबलावरून जायचो. दहाव्या दिवशी राहवेना. कॅन्टीनमध्ये त्याला गाठलं आणि विचारलं, डावीकडे बघितलंस का.

"बघितलं की," तो म्हणाला आणि कपावरची साय बाजूला करू लागला.

मला दहा दिवसही धीर धरवला नाही. त्याने अकरा वर्षं धरला होता, दर महिन्याला शिडी चढून. पगारवाढ, जागा, सासूबाईंचा नळ, या सगळ्याबद्दल मी त्याच्यावर आजवर जळलो. पण तो गार चहा पीत असताना समोर बसून मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.