पहिला पेला

आमच्या फिल्टरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. निपाणीकडचा माणूस. काळीकुट्ट झालेली कँडल हातात धरूनही म्हणेल, "स्वल्प मळलीय की हो, अण्णा." काम झालं की पहिला पेला स्वतः पितो, डोळे मिटून, आणि पाणी कुठलं ते सांगतो: "कावेरी!" म्हणजे पालिकेच्या नळाचं, किंवा "बोर, टँकरनं आलेलं." कधी चुकत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर मुलींचं पीजी आहे, मीच चालवतो. तिथला फिल्टर दोन महिने बंद होता. दुरुस्तीची कटकट नको म्हणून मी बोरचं पाणी सरळ त्याच्या नळाला जोडून दिलं आणि मुलींना काही बोललो नाही.

त्या दिवशी आमच्या घरचं काम संपवून तो आपणहून वर गेला, मी मागोमाग. पेला भरून तो प्याला. शेजारी एक मुलगी बाटली घेऊन उभी. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, हे पिऊ नका," एवढंच तो तिला म्हणाला. मग मला, "अण्णा, तुमच्या घरचा काढून इथं बसवतो. सरी? चालेल न्हवं?"

"सरी."

दुसऱ्या दिवशी मीही बाटली घेऊन मुलींच्या रांगेत उभा राहिलो.

"काका, तुमचा फिल्टर बिघडला?" पुढच्या कोल्हापूरच्या मुलीनं विचारलं.

"नाही. तुमचा बिघडला होता, दोन महिने. मला माहीत होतं."

तिनं माझ्या मागे उभ्या दोघींना हातानं पुढे बोलावलं.

"काका, तुम्ही शेवटी," ती म्हणाली. "आणि रोज."