देवरे काकांचा पिवळा टॅग

देवरे काकांच्या घरी आंब्यालासुद्धा तपासणी चुकलेली नव्हती. पेटी आली की काका त्यातले पाच आंबे काढत, दाबून, हुंगून, देठ निरखून परत ठेवत आणि पेटीला दोऱ्याने एक पिवळा टॅग बांधत. टॅगवर निळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलेलं असे : ‘होल्ड’. तपासणी पुरी होऊन हिरवा टॅग लागेपर्यंत पेटीला कोणी हात लावायचा नाही. आंब्यांना हे नियम ठाऊक नसत. ते आपले पिकत, मग नासत, आणि काका समाधानाने म्हणत, “बघ, मला शंका होतीच.”

काकांनी सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. निरोप समारंभात मिळालेला नारळ त्यांनी स्टेजवरच कानाशी हलवून पाहिला, असं त्यांचे सहकारी सांगत. येताना त्यांनी टॅगचे तीन गठ्ठे मागून आणले : पिवळे ‘होल्ड’चे, हिरवे ‘पास’चे, लाल ‘नापास’चे. हिरवा गठ्ठा पुढे कित्येक वर्षं जसाच्या तसा राहिला. आम्ही पंचवटीतल्या त्याच इमारतीत एक मजला खाली राहतो, त्यामुळे आमच्याकडून वर गेलेली दिवाळीची करंजीदेखील होल्डवर बसलेली मी पाहिली आहे.

“घाई ही नापास मालाची आई,” हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, “तपासलं नाही म्हणजे झालंच नाही.” ही वाक्यं ते रिक्षावाल्यालाही ऐकवत.

तपासणीतून सुमनकाकूही सुटल्या नव्हत्या. काकू बागलाणातल्या नामपूरच्या. माहेरी सगळं अहिराणी. काकांचं मूळही त्याच बाजूचं, पण त्यांचे वडील नाशकात आले आणि येताना भाषा तिकडेच सोडून आले. लग्न झाल्यापासून काका काकूंचं बोलणं तपासत होते. “सुमन, ‘शे’ नाही. ‘आहे’ म्हणावं.” काकूंनी ‘आहे’ म्हणायला सुरुवात केली आणि त्यांचं ‘शे’ फक्त आईशी फोनवर उरलं.

ती आई शेवटच्या वर्षी नाशकात लेकीकडे येऊन राहिली. म्हातारी मोठी तोंडाळ आणि गोड. काकूंनी हट्ट धरला की आईचं बोलणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं. काकांनी तीन माइक पाहिले, तिन्ही नाकारले आणि अखेर काकूंनी चौथा परस्पर आणला म्हणून काम सुरू झालं. अकरा दुपारी म्हातारी बोलत होती. कांद्याचं बी कसं निवडायचं, कुठली विहीर कोणी खोदली, कोणाच्या लग्नात कोण रुसलं. पहिल्याच दिवशी तिने तोंडासमोरचा माइक पाहून विचारलं होतं, “जावई, हाई काय शे? हाई खावानं शे का?” तेही रेकॉर्ड झालं होतं.

महिन्याभरात ती गेली. मग रोज दुपारी भांडी आवरून काकू कॉम्प्युटरसमोर स्टूल ओढून बसत आणि एखादी दुपार लावत. मध्येच हसत, मध्येच आईला उत्तरही देत. ते उत्तर ‘शे’मध्ये असे आणि आतल्या खोलीतून ते कोणी दुरुस्त करत नसे. एवढी सभ्यता काकांकडे होती.

पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर टकटक आवाज करू लागला. काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, “अरे, हे उद्या बंद पडलं तर आईचं काय?” मी बँकेत आहे. एकदा इमारतीतल्या कोणाचा तरी प्रिंटर चालू करून दिल्यापासून सगळे मला कॉम्प्युटरचा जाणकार समजतात. मी खिशातला पेनड्राइव्ह घेऊन लगेच वर गेलो. दहा मिनिटांचं काम होतं.

“थांब,” काका म्हणाले. “कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप म्हणजे इमेज. अख्ख्या डिस्कचा जसाच्या तसा फोटो. विंडोज, सेटिंग, प्रोग्राम, सगळं. उद्या डिस्क गेली तर नव्या डिस्कवर तो फोटो उतरवायचा आणि घर होतं तसं उभं!”

काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “मला विंडोज नको. मला आई हवी.”

“त्यातच आई येते,” काका म्हणाले.

इमेज काढणारं सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, हे मग काका ठरवू लागले. त्यांनी नऊ निवडली. मोठ्या कागदावर तक्ता आखला. नऊ आडव्या ओळी, बावीस उभे रकाने. पूर्ण इमेज किती वेळात, नुसता बदललेला भाग वेगळा साठवतं का, विंडोज सुरूच होत नसेल तर पेनड्राइव्हवरून चालतं का. एका रकान्यात होतं ‘सौजन्य’. त्यासाठी काका प्रत्येक कंपनीला मुद्दाम रविवारी ईमेल करून एकच प्रश्न विचारत आणि कोण कधी उत्तर देतं ते टिपून ठेवत. एका परदेशी कंपनीतल्या बाईंनी सोमवारी सकाळीच उत्तर दिलं. काकांनी त्या कंपनीला नापास केलं. “उत्तर बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण प्रश्न न वाचता दिलेलं वाटतं.”

प्रत्येक सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट वापरून पाहता येई. काका एकतीस दिवस पाहत. मुदत संपली की ते काढून पुढचं टाकत. चार महिने असे गेले. टकटक वाढली.

दरम्यान त्यांनी बाहेरून जोडायची एक नवी डिस्क आणली, इमेज ठेवायला. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ती खोक्यासकट कपाटावर, दोऱ्याने बांधलेली, पिवळा टॅग लावून. “न तपासलेल्या मालावर तपासलेला माल ठेवत नाहीत,” काका म्हणाले. डिस्क तपासायची तर आधी सॉफ्टवेअर पास व्हायला हवं. सॉफ्टवेअर पास करायचं तर डिस्क हवी. या दोघांमध्ये काका बसले होते आणि अतिशय खूश होते.

“मग आत्तापर्यंतच्या इमेज कुठे आहेत?” मी विचारलं.

“सीची इमेज डीवर.”

“काका, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. कपाटाची दुसरी किल्ली कपाटातच ठेवल्यासारखं झालं हे.”

“मला शिकवू नकोस. तात्पुरतं आहे. चाचणीपुरतं.”

त्या आठवड्यात काका भाजीबाजारात गेलेले असताना काकूंनी मला वर बोलावलं होतं. “आणतोस का तो तुझा पेनड्राइव्ह?” त्या हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, “काकांना कळलं तर घरात वाद होईल. त्यांचं ठरत आलंय, थोडं थांबा.” शहाणपणा मिरवायची मला तेवढीच संधी मिळाली होती आणि मी ती सोडली नाही. आजही मला त्या वाक्याची लाज वाटते.

दसऱ्यानंतर एका दुपारी काकूंनी स्टूल ओढलं, बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. टकटक थांबली होती. डिस्क गेली, तिच्याबरोबर सीही गेला आणि डीही.

काकांनी तीन दुकानांत चौकशी केली नाही. पहिलं दुकान दिसलं तिथे डिस्क दिली. मीच सोबत होतो. आठ दिवसांनी दुकानदाराने डिस्क परत केली. आतला थाळीसारखा भाग खरवडला गेला होता, काही निघालं नाही. “आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवायला पाहिजे होती ना, काका,” तो म्हणाला. काकांनी मान डोलावली. दुसऱ्याचं निरीक्षण बरोबर असल्याचं त्यांनी मान्य केलेलं मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

घरी येऊन त्यांनी लाल टॅग काढला. ‘नापास’च्या खाली कारणासाठी जागा असते. तिथे त्याच सुबक अक्षरात लिहिलं : ‘माल उत्तम. तपासनीसाचा उशीर.’ खाली सही केली, टॅग डिस्कला बांधला आणि डिस्क सासूबाईंच्या फोटोशेजारी ठेवली. येणारा जाणारा विचारी, हे काय? काकू सांगत, “यांचा निकाल.” त्या पुसायच्या फोटो, पण डिस्कवरची धूळ तशीच ठेवायच्या.

महिनाभर काकू त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. तोवर कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला होता. मग एका संध्याकाळी मी वर चहा घेत असताना काकांनी कपाटावरचं नव्या डिस्कचं खोकं उतरवलं, दोरा तोडला, पिवळा टॅग चुरगळला आणि माइक काकूंच्या समोर ठेवला. “तू बोल,” ते म्हणाले. “आई सांगायची ते. तुला आठवेल तेवढं.”

“आई गेली. आता माझं काय ठेवता?” काकू म्हणाल्या. “आणि कुठल्या भाषेत बोलू? माझं ‘शे’ तर तुम्ही लग्नातच नापास केलं होतं.”

“चूक झाली,” काका म्हणाले. “तेही तपासणीतच चुकलं.”

मी कप तिथेच ठेवून खाली आलो.

यंदाच्या माघात काका गेले. सकाळी छातीत दुखलं आणि दहा वाजता सगळं संपलं. ज्याने आयुष्यभर सगळ्यांना होल्डवर ठेवलं, त्याला कोणी अर्धा तासही ठेवलं नाही. तेराव्याला जेवणं झाल्यावर, सासरहून आलेली त्यांची मुलगी आत आवराआवर करत असताना, काकूंनी माझ्या हातात एक पेनड्राइव्ह दिला. त्याला दोऱ्याने हिरवा टॅग बांधलेला होता. “एक मुलीकडे आहे, एक माझ्याकडे, हा तुझा. त्यांनीच बांधून ठेवला होता,” त्या म्हणाल्या. आमच्या इमारतीत मी पाहिलेला हा एकमेव हिरवा टॅग.

सवडीने ऐकू म्हणून मी तो खणात ठेवला. खण लावता लावता हात थांबला आणि मी तसाच कॉम्प्युटर सुरू केला. यादीत सगळ्यात वर दिसली ती शेवटची फाइल. तिच्यात आधी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग काकू विचारतात, “हाई तीन जागावर शे ना?”

“शे,” काका म्हणतात. अगदी अवघडून, परक्या घरात चप्पल काढावी तसं.

“तपासलं?”



“नाही,” काका म्हणतात. “आधी ठेवलं.”