झाकण लावण्याआधी

मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे फ्यूजकाका म्हणत. हातात जादू, पण तोंड फटकळ. जळकी वायर सापडली की गिऱ्हाईक घाई करी, "सापडलं ना? मग लावा झाकण!" काका चष्म्यावरून बघत. "एक बिघाड सापडला म्हणजे दुसरा नाहीच, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मग ते आतलं सगळं तपासत आणि गिऱ्हाईक ताटकळत बसे.

घरचा टेबलफॅन मात्र सात वर्षं खडखडत होता. बायकोने सांगून सांगून नाद सोडला होता.

साठी उलटल्यावर काकांच्या मानेत गाठी आल्या. रक्ताचा कर्करोग निघाला. सावकाश वाढणारा आहे, सध्या औषधही नको, नुसतं लक्ष ठेवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडावर एक गाठ दिसली.

"हिची वेगळी तपासणी करायला हवी," बाई म्हणाल्या.

"कशाला?" काका उसळले. "रक्ताचाच रोग तिथे पोचला असणार. सापडलं ना एकदा? विषय संपला."

"असेलही. पण काही जणांत हे दोन्ही कर्करोग असतात, आणि दोन्ही वेगवेगळे. तसं असेल तर गाठ लहान आहे तोवर काढून टाकता येईल."

काका फाईल उचलून उठलेच. खरं तर ते घाबरले होते. एका दुखण्यापुरतंच बळ त्यांनी कसंबसं गोळा केलं होतं. बायको मात्र खुर्चीवरून हलली नाही.

"अहो, जन्मभर गिऱ्हाइकांवर डाफरलात. आणि आता स्वतःच झाकण लावायला निघालात?"

काका फाईल परत टेबलावर ठेवून खाली बसले.

गाठ वेगळीच निघाली. मूत्रपिंडाचा कर्करोग, बोराएवढा. तेवढा भाग काढला, बाकीचं मूत्रपिंड शाबूत राहिलं. रक्ताचं दुखणं आहे तिथेच आहे, दर तीन महिन्यांनी त्याची हजेरी घ्यावी लागते. काकांनी हात जोडले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझे कसले आभार? यांचे माना." काकांनी जोडलेले हात बायकोकडे वळवले.

दोन महिन्यांनी दुकान पुन्हा उघडायच्या दिवशी त्यांनी आधी घरचा टेबलफॅन खोलला. ढिला झालेला स्क्रू आवळून तो चालू केला.

"खडखड गेली की हो!" बायको हरखली. "लावा आता झाकण."

"थांब गं," काका डोळे पुसत म्हणाले. "बाकीचंही बघू दे. तुझ्यामुळे वेळ मिळालाय."