बाबांनी रंगवलेलं छप्पर

आई गेल्यानंतर बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे टोकियोत ओजिमाला आले. मी तेव्हा तिथल्याच एका कंपनीत कंत्राटावर सॉफ्टवेअर इंजिनिअर होते. कंपनी मोठ्या इमारतींच्या सपाट छपरांवर अंथरायच्या वॉटरप्रूफिंगच्या शीट बनवायची, आणि छपरांच्या तपासणीचे अहवाल नोंदवायचा प्रोग्रॅम मी लिहीत होते.

माझ्या लहानपणी बाबा अकरा वर्षं आखातात होते. छपरांची कामं करतात, एवढंच आम्हाला माहीत. सुट्टीवर यायचे, महिनाभर राहायचे, जायचे. तिथलं काही बोलायचे नाहीत.

एका रविवारी दुपारी मी लॅपटॉपवर फोटो बघत होते. वाळवंटातल्या एका गोदामावरची आमची शीट दोन वर्षांत फाटली होती. प्रयोगशाळेत मात्र तीच शीट कितीही तापवली तरी फाटत नव्हती. बाबा चहाचा कप घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"ही नुसत्या उन्हानं नाही फाटलेली," ते म्हणाले. "उन्हात ती पसरते. ऊन उतरलं की भराभर गार पडते, आखडते. रोज तेच. हळूहळू तिच्यातला मऊपणा जातो, आणि भिंतीला जिथं चिकटवलेली असते तिथून ती सुटते. बघ, सगळ्या फटी कडेलाच आहेत."

सोमवारी मी हे आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी फोटो पुन्हा एकदा नीट पाहिले आणि म्हणाले, "वडिलांना एकदा इकडे आणाल का?"

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबलावरचा शीटचा तुकडा त्यांनी दुमडून पाहिला, अंगठ्यानं चोळला. ते मराठीत सांगत होते, मी जपानीत. वाळू उडून पाणी जायची तोंडं बुजतात. पाऊस वर्षातून एकदोनदाच, म्हणून ती कुणी साफ करत नाही. मग पडेल तेवढं पाणी साचतं आणि फटीतून आत शिरतं. उन्हानं आतल्या आत त्याची वाफ होते, शीटला फुगे येतात. खाली पत्रा गंजत राहतो, वरून काही कळत नाही.

"तपासणीला गेलेल्या माणसानं सगळ्यात आधी काय पाहावं?" साहेबांनी विचारलं.

बाबांनी शीटचा तुकडा टेबलावर ठेवला.

"पायाखाली मऊ लागतं का ते," ते म्हणाले. "आमच्या एका छपरावर मला तसं लागलं होतं. मी कंत्राटदाराला सांगितलं. तो म्हणाला, वरून पांढरा रंग मार. मी मारला. नवं दिसायला लागलं. पुढच्या आठवड्यात माझा जोडीदार तिथून चालत गेला आणि पत्र्यासकट खाली पडला. जागीच गेला. माझ्याच खोलीत राहायचा तो. गुहागरकडचा."

साहेब माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते.

"सांग त्यांना," बाबा म्हणाले. "रंग मी मारला होता, हेही सांग."

मी सांगितलं. रंगाचं वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा क्रियापदच चुकलं. साहेब उठले, बाबांसमोर खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. बाबांना काय करावं कळेना, तेही उभे राहिले.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही," ते म्हणाले.

त्या महिन्यात अहवालाच्या फॉर्ममध्ये साहेबांनी एक प्रश्न वाढवून घेतला: छप्पर पायाखाली दबतं का? 'हो' लिहिलं तर ती जागा उघडून पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नसे.

भारतात परतल्यावर बाबा गुहागरला जाऊन आले आणि मग त्यांनी मला फोन केला.

"जोडीदाराच्या बायकोला, वहिनींना सगळं सांगितलं," ते म्हणाले.

"काय म्हणाल्या त्या?"

"ऐकून घेतलं. उठून आत गेल्या. मी ओटीवर बसून राहिलो. पुष्कळ वेळानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हे सांगायला एवढी वर्षं का लागली?"

"मग?"

"त्यांनी जेवायला वाढलं. जेवलो आणि निघालो."