पायांचा टॉवेल

"मासी, मोठ्या पराती काढा ने. जेटली होय तेटली."

"कशाला, शशिकांतभाई?"

"उद्या पाहुणे मुलींचे पाय धुणार छे."

मी हातातली पळी खाली ठेवली. "मुलींना हात आहेत, नळाला पाणी आहे. आणि कणीक मळायची परात मी पायाखाली देणार नाही."

शशिकांतभाई आमचे ट्रस्टी. माझ्याशी अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलायचे. बडोद्यात सगळे असंच बोलतात. ते चिडले, पण गडी पाठवून लहरीपुऱ्यातून प्लॅस्टिकचे टब मागवले. परात वाचली. मला वाटलं, भांडण संपलं.

मी तेव्हा मुलींच्या वसतिगृहात गृहमाता होते. नाव मोठं आहे, काम साधं. मुलींना उठवायचं, जेवायला घालायचं, उवा काढायच्या, तापात उशाशी बसायचं, आणि भेटीच्या दिवशी आईबापांशी बोलायचं. मी चौथी शिकलेली. नवरा गेल्यावर रावपुऱ्यातलं घर सोडून इथेच राहायला आले. मुली खेड्यांतल्या, बहुतेक शेतमजुरांच्या.

त्यांत रेवा नावाची करजणकडची मुलगी होती, नववीतली. आई नव्हती. तिला नर्स व्हायचं होतं. दिवाळीत तिचा बाप तिला न्यायला आला होता, कारण स्थळ आलं होतं. मी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि सांगितलं, "दहावी होऊ दे. तोवर तिची जबाबदारी माझी."

तो म्हणाला, "शहरात छोकरी बगडे. आमच्या रीतीत राहायला हवी."

"राहील. माझा शब्द."

त्या शब्दावर रेवा राहिली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पाहुणे परदेशातल्या एका चर्चचे होते. तेव्हा घराघरात नुकतंच केबल येत होतं, आणि असे परदेशी पाहुणेही येऊ लागले होते. गरीब मुलांची सेवा करायची म्हणून सुट्टी काढून येत. त्याला ते मिशन ट्रिप म्हणत. येताना पिण्याच्या पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणत आणि रिकाम्या बाटल्या आमच्याकडे ठेवून जात. मुली त्यात तेल भरायच्या. पुढारी एक उंच पास्टर होते, म्हणजे त्यांचे धर्मगुरू. त्यांच्याबरोबर मार्था नावाची पांढऱ्या केसांची बाई होती. त्यांच्या येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून तेही धुणार, मग प्रत्येकीला नवे बूट देणार, असं शशिकांतभाईंनी समजावलं. ते देवाचं मानून करणार होते, यात मला खोट दिसली नाही. मी पाणी कोमट करून दिलं.

रविवार होता. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. मार्थाबाई गुडघ्यांवर बसल्या, आणि पहिल्याच मुलीने पाय वर ओढून घेतले.

"मासी, पाप लागे! ए तो दादी जेवी छे!"

आजीच्या वयाची बाई पायाला हात लावते म्हटल्यावर लहान मुली रडायला लागल्या. मार्थाबाईंना वाटलं पाणी गरम आहे. त्या पाण्यावर फुंकर घालत बसल्या. पास्टर कॅमेरा घेऊन खोळंबले. शशिकांतभाई माझ्याकडे बघून दात ओठ खात होते.

तेवढ्यात रेवा पुढे झाली. "अरे गांडी, रडे छे शुं? कुंवारका जमाडे, तेवुं ज छे."

गांडी म्हणजे गुजरातीत वेडी. नवरात्रात आपण कुमारिकांना बोलावतो, पाय धुतो, कुंकू लावतो, जेवायला घालतो. ते मुलींना ठाऊक होतं. एका वाक्यात सगळ्या शांत झाल्या. पाय पुढे आले. मार्थाबाईंनी एकेकीचे पाय चोळून धुतले, खांद्यावरच्या टॉवेलने पुसले. मनापासून केलं, ते मी नाकारत नाही.

पाय धुतल्यावर कुंकू हवं. रेवा स्वयंपाकघरात गेली, देवाच्या कोनाड्यातली कुंकवाची कुयरी आणली, सगळ्यांना लावलं, स्वतःला लावलं. मार्थाबाईंनाही लावलं. त्या हसल्या, त्यांचे डोळे भरून आले. तिथे थांबायला हवं होतं.

फोटोसाठी रेवाला खुर्चीत आणि मार्थाबाईंना तिच्यासमोर गुडघ्यांवर बसवून पास्टर शशिकांतभाईंच्या कानाशी लागले. शशिकांतभाई माझ्याकडे आले.

"मासी, फोटो पुरतं कंकू लूछी नाखो ने. तिकडे चर्चमध्ये फोटो दाखवायचा आहे. लोक विचारतात."

"काय विचारतात?"

"छोडो ने! पाच मिनिट. पाछुं लावजो."

"कुंवारीचं कपाळ मी पुसणार नाही."

"तमे पण मासी, दरेक वातमां वांधो!"

आमचं हे चाललेलं पास्टरांना दिसलं असावं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. हसत हसत पुढे आले, मार्थाबाईंच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि रेवाचं कपाळ पुसलं. जेवताना मुलाचं तोंड पुसावं, तसं. आणि लगेच फोटो काढला.

आमच्याकडे कपाळ पुसतात ते नवरा मेल्यावर. माझं पुसलं होतं, तेव्हा टॉवेल निदान कोरा होता. हा सगळ्या मुलींच्या पायांचा होता.

भेटीचा दिवस होता. दारात रेवाचा बाप उभा होता, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मासी, तमे बोल आपेलो."

"दिला होता. चूक झाली. त्यांना कळत नाही." मी कुयरी उचलली आणि रेवाला पुन्हा कुंकू लावलं. ओल्या कपाळावर ते पसरलं.

"रेवा, पेटी लई आव."

"बापा, मारी परीक्षा..."

"लई आव."

मी वाट अडवून उभी राहिले. "तुला निमित्तच पाहिजे होतं. दिवाळीपासून शोधत होतास."

त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. "हा, जोईतुं हतुं. तमे आप्युं."

त्याला निमित्त हवं होतं, आणि ते आम्ही हॉलमध्ये खुर्च्या मांडून दिलं.

मी शशिकांतभाईंकडे गेले. "रेवाच्या बापाला हात जोडा. पास्टरांना माफी मागायला सांगा. तुमचं तो ऐकेल."

"पाहुण्यांसमोर तमाशा नको, मासी. एक छोकरी गई तो शुं? जागेसाठी कितीजणी वाट बघतात."

रेवा पेटी घेऊन आली. मार्थाबाई घाबरल्या. ती का चालली, असं त्यांनी विचारलं असणार, कारण शशिकांतभाईंनी इंग्रजीत काही सांगितलं आणि त्यातले "फॅमिली फंक्शन" हे शब्द मला कळले. घरी कार्य आहे. मग मार्थाबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी धावत जाऊन रेवाला बुटांचा खोका दिला आणि गालाचा मुका घेतला. पास्टरांनी हात हलवला. बापाने त्यांच्याकडे बघितलं नाही. खोका मात्र काखेत मारला. शेंगांची पिशवी दारात राहिली. त्या शेंगा मी दुसऱ्या दिवशी मुलींना उकडून दिल्या. टाकायच्या कशाला?

त्याच उन्हाळ्यात रेवाचं लग्न झालं. मला आमंत्रण नव्हतं. नंतर एकदा मी बसने तिच्या सासरी गेले. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चहा चांगला केला होता तिने.

"बूट होतात का गं पायाला?" मी विचारलं.

"दियेर पहेरे छे." म्हणजे दीर घालतो. मग सासूकडे बघून तिने आवाज खाली केला. "मासी, माझ्या जागेवर कोण आली?"

"आली एक."

"भणवामां केवी?" म्हणजे अभ्यासात कशी.

"ठीक आहे."

ते खोटं बोलले मी. ती नवी मुलगी तीन महिन्यांत पळून गेली होती.

परत आले तेव्हा ऑफिसच्या भिंतीवर मोठी फ्रेम लागली होती. पाहुण्यांनी पाठवलेला फोटो. मार्थाबाई गुडघ्यांवर, समोर खुर्चीत रेवा, कपाळ ओलं, तोंड अर्धं उघडं. खाली इंग्रजीत काही छापलं होतं. शशिकांतभाईंनी वाचून अर्थ सांगितला, "एका मुलीचा आनंद."

"काढा तो."

"मासी, पाण्याची नवी टाकी कोणी बांधून दिली? त्यांनीच ने?"

मी टाकीचं पाणी प्यायले, इथेच राहते म्हणून अजूनही पिते. फोटो तिथेच आहे. मी रिटायर होईपर्यंत पाहुण्यांचे आणखी जथे आले. कोणी दात तपासले, कोणी भिंती रंगवल्या, कोणी पुन्हा पाय धुतले. मुलींना नमस्कार करायला सांगून मी एका बाजूला उभी राहायचे. पाय धुणारा किती खाली वाकतो, हे सगळे बघायचे. मी त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलवर लक्ष ठेवायचे.