दोन थेंबांत ऑईल ओळखणारी रुची

रुचिता माझी धाकटी भण हाय. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे मागनं कुणी म्हणायला नको की भाऊ हाय म्हणून फुगवून सांगतोय. म्हणलं तरी म्हणा. जे हाय ते मी डोळ्यांनी बगितलंय.

उचगावात हायवेच्या पुलाच्या अलीकडं तिचं मोटरसायकलीचं गॅरेज हाय. माझी शाळा आठवीपतोर. ती आयटीआय झाली, आख्ख्या वर्गात एकटी पोरगी. पयल्या वर्षी माणसं गाडी लावायची आणि तिलाच विचारायची, "मिस्त्री कुठं गेलाय, पोरी?" ती म्हणायची, "मीच की. बसा." निम्मी बसायची, निम्मी किक मारून निघून जायची. आज पंचक्रोशीतले बारा-पंधरा दूधवाले तिच्याबिगर कुणाला गाडीला हात लावू देत न्हाईत. ह्यो सगळा गोतावळा आणला आकाराम मामानं. आमचा नात्यातला न्हवं, पर सगळं गाव त्याला मामाच म्हणतंय. रोज पहाटं दोन्ही बाजूला दुधाचं कॅन लावून कोल्हापुरात जातोय. तोंडानं तिखट, पर त्यो बोलला की बाकीचं दूधवालं ऐकत्यात.

रुचीचं ऑईल बदलणं एकदा बगाच. आधी गाडी पाच मिनटं चालू ठेवती. गरम ऑईल पातळ होतंय आणि आतली घाण संगट घिऊन खाली येतंय, असं तिचं म्हणणं. मग गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करून खालचा बोल्ट काढती आणि गप बसती. धार संपली तरी उठत न्हाय. गिराईक घड्याळ बगतंय, ही थेंब बगती. डबा उघडायच्या आधी त्याच्या मागचं बारीक अक्षार वाचती, ऑईल कुठल्या गाडीचं हाय ते. मी हजारदा बगितलंय. पुजेला बसल्यागत बसती.

आता माझं सांगतो. मी एका व्यापाऱ्याच्या कारवर ड्रायव्हर हाय. वीस वर्सं झाली, गाडीला ओरखडा न्हाय. गेल्या महिन्यात रुची मावशीकडं नेसरीला बारशाला गेलती. मी म्हणलो, "जा तू बिनघोर, दुकान मी बघतो." ती म्हणली, "अण्णा, नुसतं बस. कोण आलं तर उद्या या म्हण."

नेमका आकाराम मामा गाडी लावून गेला. "ऑईल बदलायला सांग, संध्याकाळी नेतो," एवढं बोलून त्यो गेला बी. मी म्हणलो, ह्यात काय अवघड हाय. मालकाच्या कारचं सर्व्हिसिंग झालं तवा एक डबा उरलेला, लई भारीतलं ऑईल. कारला चालतंय, तर मोटरसायकलीला तर मेजवानीच की. काढलं जुनं, वतलं ते. संध्याकाळी मामाला चावी दिली आणि "झालीया" म्हणलो. कुणी केली ते त्यानं विचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. रुचीला बी न्हाय.

पाचव्या दिवशी धाच्या सुमाराला मामा गाडी ढकलत आला. समोरच्या चहाच्या गाड्यावर सात-आठ माणसं हुती, त्यातली तिघं दूधवाली.

"काय केलंस माझ्या गाडीला?" मामा रस्त्यावरनंच रुचीला बोलला. "मूठ पिळली की इंजिन बोंबलतंय आणि गाडी जाग्याला. पुलाच्या चढाला रिकाम्या कॅननी दम टाकला. क्लच प्लेटा गेल्यात म्हणं. नव्या तर घातलेल्या दिवाळीत."

गाड्यावरनं कोण तरी म्हणलं, "मामा, दुसरीकडं दावा की. पोरीच्या जातीला इंजिनातलं काय कळतंय."

माझं डोस्कं फिरलं. मी उठणार, एवढ्यात रुची म्हणली, "अण्णा, बस खाली."

तिनं गाडी चालू केली, पाच मिनटं तशीच ठेवली. बोल्ट काढला, ऑईल भांड्यात घेतलं. निवलं तवा त्यात बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं, नाकाला लावलं. मग आतनं आपल्या डब्यातलं ऑईल आणलं. पत्र्याचा एक तुकडा घेतला, वरच्या कडंला दोन थेंब ठेवलं, एक ह्याचा, एक त्याचा, आणि पत्रा तिरका केला. तिचा थेंब सावकाश निघाला, मधागत. मामाच्या गाडीतला सरसर पळाला आणि खाली पोचला बी. चहा पिणारी समदी जवळ आली. मी वीस वर्सं गाडी चालवतोय, इंजिनच्या पोटातलं असं पत्र्यावर कधी बगितलं न्हवतं.

"हे कारचं ऑईल हाय," रुची म्हणली. "कारचा क्लच कोरडा असतोय, मामा. मोटरसायकलीचा क्लच इंजिनच्याच ऑईलमधी भिजलेला असतोय. हे ऑईल लई निसरडं केलेलं असतंय, ते प्लेटांत शिरलं की प्लेटा एकमेकींस्नी धरतच न्हाईत."

"मग घातलं कुणी?"

मी मान खाली घातली. दुकानात कारचं ऑईल आणणारा दुसरा हाय कोण? तिला कवाच कळलं हुतं. तिनं माझ्याकडं बगितलं बी न्हाय.

"माझ्या दुकानात घातलं. म्हंजे चूक माझी."

मामा म्हणला, "एवढं सरळ?"

"सरळच हाय की. आता ऐका. मी ऑईल बदलते, पाच किलोमीटर चालवून परत बदलते. प्लेटांनी पिलेलं धुवून निघायला पायजे. उद्या पहाटं भरल्या कॅननी पूल चढा. चढली न्हाय तर नव्या प्लेटा मी घालीन, आणि मग तुम्ही गाडी कुठं बी न्या. बाकीच्यांस्नी बी न्या. मी बोल लावणार न्हाय."

ती तिघं दूधवाली एकमेकांकडं बगाय लागली. दुकानाचं दिवसाचं निम्मं काम म्हंजे हीच माणसं. ती तोडली तर आमचं शटर बंद.

तिनं नवं ऑईल घातलं, गाडी फिरवून आणली आणि ते चांगलं, सोन्यागत पिवळं ऑईल पुन्ना काढून टाकलं. माझा जीव तुटला. मी म्हणलो, "रुचे, ह्यात तर काय बी घाण न्हाय." ती म्हणली, "डोळ्याला न्हाय दिसत, अण्णा." आणि शेवटचा थेंब पडोस्तर तशीच बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटं मी माझी मोटरसायकल काढून पुलाखाली जाऊन थांबलो. मामा आला, दोन्ही कॅन तोंडापतोर भरलेलं. माझ्याकडं एकदा बगितलं. चढाला लागला. मी मागनं. निम्म्यात त्यानं मुद्दाम वेग कमी केला आणि पुन्ना पिळलं. इंजिनचा आवाज वाढला, आणि त्या आवाजासंगट गाडी वर गेली. एक झटका न्हाय, काय न्हाय. माल भरलेल्या ट्रकच्या बाजूनं मामा सरळ निघून गेला.

वर जाऊन त्यो कडंला थांबला. मी जवळ गेलो आणि म्हणलो, "मामा, ऑईल मी घातलं हुतं. ती त्या दिवशी नेसरीला हुती."

"मग काल का न्हाय बोललास?"

"माणसं हुती."

"तिच्यापुढं बी माणसंच हुती की," मामा म्हणला, आणि गियर टाकून गेला.

मी दुकानात आलो तवा रुची फोनवर हुती. मामाचा आवाज मला भाइरनं ऐकू येत हुता. परवा दोघा दूधवाल्यांच्या गाड्या लावतोय, पर तुझ्या अण्णाला लांब ठेव म्हणत हुता.

रुची म्हणली, "दुकान माझं हाय, मामा. कुणी हात लावायचा ते मी ठरवीन. तुम्ही गाड्या घिऊन या."

फोन ठेवला आणि कोपऱ्यातला एक डबा माझ्या हातात दिला. "वाच, अण्णा. मागचं बारीक अक्षार. मोठ्यानं वाच."

मी आठवी शिकलेला माणूस. एकेक अक्षार लावून वाचाय लागलो.