ॲलर्जीचा खोकला

बंगळूरला आलं की माणूस खोकायला लागतो, हे मी इथे येण्याआधीपासून ऐकत होतो. हवेत परागकण, धूळ, सकाळचा गारठा. त्यामुळे पुण्याहून हेब्बाळला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मला खोकला लागला, तेव्हा त्याचं कारण शोधायची गरजच वाटली नाही. ऑफिसात त्याची चेष्टा चालायची. शेजारी बसणारा नागपूरचा सहकारी म्हणायचा, "सर, वर्षभर खोकलात की इथला रहिवासी दाखला मिळतो." मीही हसायचो आणि ॲलर्जीची गोळी तोंडात टाकायचो.

खोकला गेला नाही. संध्याकाळी अंगात कणकण असायची, पँट सैल व्हायला लागली. तळ्याकाठी चालायला जातो म्हणून वजन उतरतंय, असं मी बायकोला कौतुकाने सांगितलं. ती म्हणायची, एकदा छातीचा फोटो काढून या. मी कामाची सबब सांगायचो. खरं तर त्यात काहीतरी निघेल अशी शंका मलाही होती, आणि शंका होती म्हणूनच मी गेलो नाही.

मुलीला मात्र मी जपत होतो, निदान मला तसं वाटत होतं. ती चार वर्षांची, आम्हाला फार उशिरा झालेली. माझा कप वेगळा, ताट वेगळं, टॉवेल वेगळा. माझ्या ताटातला घास तिला कधी भरवला नाही. परागकण आत येऊ नयेत म्हणून झोपायच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद. आणि त्या बंद खोलीत ती आमच्या दोघांच्या मधे, माझ्या छातीला डोकं लावून झोपायची.

खाली घरमालकीणबाई राहतात. त्यांचं कुटुंब मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या इथलं. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. एकदा त्या वर आल्या आणि खोलीच्या दारातच थबकल्या.

"अण्णा, स्वल्प वारं येऊ द्या की आत. तुम्ही पुण्याची माणसं वाऱ्यालाही कुलूप लावता!"

"ॲलर्जी आहे हो मला, अक्का."

"मग तुम्ही बाहेर जाऊन बसा. पोरीला कशाला कोंडता?"

आम्ही सगळे हसलो. मुलगी सगळ्यांत मोठ्याने हसली.

उन्हाळ्यात तिला बारीक ताप यायला लागला. यायचा, जायचा. ती चिडचिडी झाली, खेळायची सोडून पडून राहायला लागली, सकाळी उठल्या उठल्या उलटी करायची. बालवाडीतल्या मुलांमध्ये तापाची साथ होती, म्हणून औषधही तापाचंच दिलं गेलं. मग एका सकाळी दूध प्यायला उठवलं, तर तिचा एक डोळा नाकाकडे वळलेला होता. मान पुढे वाकेना. तिने माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण हे तिला कळलेलं दिसलं नाही.

हॉस्पिटलात तिच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं, "घरात कुणाला जुना खोकला?"

"मला आहे. पण तो ॲलर्जीचा आहे."

त्यांनी माझ्या छातीचा फोटो काढायला सांगितला.

फोटोत मला क्षय निघाला. तिलाही तोच, पण तो मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. हा रोग कपातून, ताटातून जात नाही, हवेतून जातो. खोकल्याबरोबर उडालेले जंतू श्वासातून तिच्या फुप्फुसात गेले, तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. तिथे बारीकशी गाठ करून ते गप्प राहिले. ती गाठ फुटली, जंतू मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरले आणि आवरणाला सूज आली. पाण्याची वाट अडली, डोक्यात दाब वाढला, रक्तवाहिन्या आवळल्या. जन्मल्यावर तिला क्षयाची लस दिली होती, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "लस बरंच अडवते, सगळं नाही. इतका वेळ बंद खोलीत, इतक्या जवळ..."

साचलेलं पाणी उतरवायला तिच्या डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून नळी घातली. ती वाचली. पण बोलणं गेलं, उजवी बाजू गेली, नजरही बहुतेक गेली. मी औषधांनी पूर्ण बरा झालो. खोकला थांबला, वजन भरलं. ऑफिसात लोक म्हणाले, तब्येत सुधारली हं.

बायकोने मला एकदाही दोष दिला नाही. तिने दिला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती रोज पहाटे उठून गोळ्या पाण्यात विरघळवायची आणि मी मुलीचं डोकं धरून बसायचो. गोळ्या संपतील तोवर काहीतरी परत येईल, असं आम्ही दोघांनी मनात धरलं होतं. एकमेकांना विचारलं मात्र नव्हतं.

गेल्या महिन्यात औषधं बंद झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू राहिलेले नाहीत. आजार बरा झाला."

बायकोने विचारलं, "मग ती बोलेल ना?"

"मेंदूचा जो भाग गेला, तो गेला. व्यायाम चालू ठेवा."

रिक्षात मुलगी बायकोच्या मांडीवर होती. यशवंतपूरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा बायकोने तिच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली. बाहेर बघत ती म्हणाली, "आता गोळ्या नाहीत. उद्या मी कशासाठी उठू?"